आधी खिशातली पुडी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कर्करोग टाळण्यासाठी सकाळी हळदीचे पाणी घ्यावे की गव्हांकुराचा रस, असे तू विचारले आहेस. कर्करोगाला हमखास अडवील असा एकही पदार्थ मला ठाऊक नाही. पण तो ओढवून आणणाऱ्या सवयी ठाऊक आहेत आणि त्यांतली एक तुझ्या खिशात असते. तंबाखू नाही ना, मग चालते, असे म्हणून तू जेवणानंतर सुगंधी सुपारी खातोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविना खाल्लेल्या सुपारीलाही कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांनी माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे अशांत, ठेवले आहे. सुपारीतील अरेकोलिन या द्रव्यामुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साठत जातात, तिखट सोसवेनासे होते, गाल ताठरतो आणि हळूहळू तोंड पुरेसे उघडेनासे होते. या अवस्थेतून पुढे कर्करोग होऊ शकतो, आणि सुपारी सोडल्यावरही आखडलेले तोंड सहसा पूर्ववत होत नाही. ती पुडी आजच टाकून दे. मुखशुद्धीला बडीशेप पुरेशी आहे. मद्यही त्याच पहिल्या गटात आहे, त्यामुळे मित्रांच्या आग्रहापुरतेही ते नको.

आहारासाठी महागड्या चूर्णांची गरज नाही. ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी यांतील तंतुमय घटकांमुळे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. खानावळीत राहूनही दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या-फळे पोटात जातील असे पाहा. सॉसेज आणि सलामी नेहमीच्या खाण्यात नकोत. कुटाचे शेंगदाणे निवडताना बुरसलेले, काळवंडलेले दाणे काढून टाक, कारण त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या कर्करोगास कारण ठरते आणि भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपझप चाल आणि वजन वाढू देऊ नकोस.

तुझी आई दात घासायला मशेरी लावते, हे तू ओझरते लिहिलेस; मला मात्र तेच वाचून अधिक काळजी वाटली. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. सुट्टीत घरी गेलास की तिच्यावर रागावू नकोस, वर्षानुवर्षांची सवय आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का हे उजेडात पाहा, आणि काही दिसो वा न दिसो, तिला एकदा दंतवैद्याकडे घेऊन जा. काय सांगितले ते मला कळव.