पॅनचे बोल्ट मोजा

प्रश्न : टेक्सासात २००४ ची जुनी शेव्हरले सिल्व्हराडो पिकअप घेतली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ४एल६०-ई आहे की ४एल८०-ई, हे कसं ओळखू? फिल्टर मागवायचा आहे.

उत्तर : ग्लोव्हबॉक्समधल्या स्टिकरवर 'एम३०' असेल तर ६०, 'एमटी१' असेल तर ८०. पण स्टिकर सांगतो ते कारखान्यातलं. मधे कुणी गिअरबॉक्स बदलला असू शकतो. म्हणून खालून पाहाच. सपाट जागी पार्किंग ब्रेक लावा, चाकांना अटकाव द्या, गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या ऑइल पॅनच्या (तेलाच्या ट्रेच्या) कडेचा चिखल पुसा आणि बोल्ट मोजा. जवळपास चौकोनी पॅन, १६ बोल्ट : ६०. लांबट, गोलसर कडांचा, १७ बोल्ट : ८०. दोन्हींचे फिल्टर आणि गॅस्केट वेगळे आहेत. अंदाजाने मागवलेत, तर पॅन उतरवल्यावर गाडी तशीच अडकून पडेल.