वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचे ऑइल आणि गळती

प्रश्न : माझ्याकडे १९९७ सालची कार्बोरेटरची मारुती ८०० आहे. गाडी उभी राहते तिथे फरशीवर ऑइलचे डाग पडतात आणि महिनाभरात डिपस्टिकवरची पातळी खालच्या खुणेपर्यंत येते. सायलेन्सरमधून धूर मात्र येत नाही. मेकॅनिकच्या मते २०डब्ल्यू-५० टाकले की ऑइल जाड होऊन गळती थांबेल, तर मुलाचा आग्रह सिंथेटिकचा आहे. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : निळसर धूर नाही आणि फरशीवर डाग आहेत, म्हणजे आपले ऑइल जळत नसून बहुतांशी बाहेर पडते आहे. प्लग काढून त्यांची टोके तेलकट नाहीत ना, एवढे एकदा पाहून घ्यावे. ती कोरडी असतील, तर ऑइल बदलण्याआधी गळतीची जागा शोधणे हेच पहिले काम.

जाड ऑइलाने गळती थांबते हा समज फार पसरलेला आहे, पण तो तपासून पाहण्यासारखा आहे. ग्रेडमधला दुसरा आकडा (२०डब्ल्यू-५० मधला ५०) १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट असते हे सांगतो. ‘४०’साठी ही मर्यादा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजण्याचे एकक), तर ‘५०’साठी १६.३ ते २१.९ इतकी आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीतले थंड ऑइल यापेक्षा कितीतरी पटींनी घट्ट असते आणि तरीही ते फरशीवर ठिबकते. मग गरम इंजिनात थोडा जाडपणा वाढवून काय साधणार? त्या काळच्या कार्बोरेटर गाड्यांत आपल्या हवामानात २०डब्ल्यू-४० मिनरल ऑइल सर्रास वापरले जाई. गाडीच्या पुस्तिकेतील तापमानाच्या तक्त्याशी ते जुळत असेल, तर तेच चालू ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. २०डब्ल्यू-५० ने लगेच नुकसान होईल असे नाही; मात्र थंडीत सकाळी स्टार्ट केल्यावर ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या दांड्यापर्यंत) पोहोचायला जास्त वेळ घेते, आणि तेवढा वेळ तिथे झीज होत असते.

सिंथेटिक ऑइल सील (फिरत्या दांड्यांभोवतीची, ऑइल अडवणारी रबरी कडी) खाते, हेही आता खरे नाही. सुरुवातीच्या काही सिंथेटिक ऑइलांमुळे सील आक्रसत असत. पुढे त्यांच्या घटकांत सुधारणा झाली. परंतु कडक झालेल्या सीलच्या कडेला वर्षानुवर्षे साचलेला गाळ चांगल्या ऑइलाने धुऊन निघतो आणि आधीपासूनच असलेली फट उघडी पडते. म्हणून गळती दुरुस्त होईपर्यंत महागडे ऑइल जमिनीवर सांडण्यात अर्थ नाही.

आता जागा कशी शोधावी ते पाहू. इंजिन गार असताना डिझेल आणि ब्रशने स्वच्छ करून घ्यावे, पूर्ण वाळू द्यावे, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि थोडे अंतर चालवून आणावे. ऑइल खाली आणि वाऱ्याबरोबर मागे ओघळत जाते. त्यामुळे जिथे थेंब लोंबतो तिथे नव्हे, तर पावडर जिथे सर्वांत वर ओली झाली आहे तिथे दोष असतो. चेंबरचे (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचे) पॅकिंग गळते म्हणून बदलले आणि गळती खरी टॅपेट कव्हरची (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाची) निघाली, असे वारंवार घडते. टॅपेट कव्हरचे जुने रबर पॅकिंग बोटांनी वाकवले की मोडते, इतके ते कडक होते. ते बदलावे, पण बोल्ट जोर लावून आवळू नयेत, कारण पत्र्याचे कव्हर वाकते. वर शेलॅकचा (सांधा बुजवणाऱ्या चिकट लेपाचा) जाड थरही देऊ नये. आत आलेले त्याचे तुकडे सुटून चेंबरमधल्या जाळीत अडकतात आणि ऑइल पंपाला ऑइल कमी मिळते. डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, ऑइल प्रेशर स्विच आणि चेंबर नटचा वॉशर या स्वस्त जागाही पाहून घ्याव्यात.

नवे पॅकिंग बसवूनही गळती पुन्हा सुरू झाली, तर इंजिनाच्या श्वासोच्छ्वासाकडे लक्ष द्यावे, आणि माझ्या मते हे आधीच करावे. पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने निसटलेला वायू ब्रीदरच्या (हा वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेच्या) नळीतून बाहेर जायला हवा. ती नळी किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह (त्या वायूच्या वाटेवरची झडप) चिकट गाळाने बुजला, की चेंबरमध्ये दाब वाढतो आणि ऑइल सर्वांत कमजोर सीलमधून बाहेर ढकलले जाते. नळी काढून धुण्याचे हे काम किरकोळ आहे, पण गॅरेजमध्ये तेच राहून जाते.

टायमिंग बेल्टच्या (कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या पट्ट्याच्या) बाजूचे सील गळत असेल, तर ऑइल लागलेला पट्टा लवकर खराब होतो. म्हणून सील आणि पट्टा एकाच वेळी बदलावेत. गिअरबॉक्सच्या बाजूचे क्रँक सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तिथली गळती किरकोळ असेल, तर क्लचच्या कामापर्यंत थांबता येईल. क्लच घसरू लागला असेल तर थांबू नये. मात्र गरम मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) ऑइल पडून जळका वास येत असेल, तर आग लागण्याचा धोका आहे. ती दुरुस्ती होईपर्यंत गाडी बाहेर काढू नये.

प्रश्न : माझी जुनी गाडी वर्षाला जेमतेम हजार-दीड हजार किलोमीटर चालते. तरीही ऑइल बदलावे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : होय, वर्षातून एकदा बदलावे. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही. त्यामुळे पाण्याचा अंश आणि न जळलेले पेट्रोल ऑइलात साचत जाते, आणि किलोमीटरच्या आकड्यावरून ते कळत नाही. काढलेले ऑइल गटारात ओतू नये. ते गोळा करून पुनर्प्रक्रियेसाठी पाठवणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.