डीएफडीएसची जहाजं: सुरुवात कुठून करावी

डीएफडीएस या डॅनिश जहाज कंपनीच्या जहाजांची दीडशे वर्षांची यादी एकदम पाठ करायला बसू नका, चार दिवसांत कंटाळाल. आधी एवढंच धरा: १८६६ साली टीटगेन या उद्योजकाने डॅनिश आगबोट कंपन्या एकत्र करून ही कंपनी उभी केली.

मग एकच मार्ग निवडा. माझं मत विचाराल तर एस्बियर्ग (डेन्मार्क)–हॅरिच (इंग्लंड). डेन्मार्कचं बेकन आणि लोणी इंग्लंडला याच वाटेने जायचं, २०१४ मध्ये सेवा थांबली. १९२५ चं 'पार्केस्टन' हे डिझेलवर चालणारं प्रवासी जहाज इथलंच. (त्याचा फोटो जरूर शोधा!)

नवखे हमखास चुकतात ते दोन ठिकाणी:

- नावावरून जहाज ओळखणं. 'अथेना' (१९८९), 'पर्ल ऑफ स्कँडिनेव्हिया' आणि 'पर्ल सीवेज' हे एकच जहाज! नोंदवहीत आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लिहा. नाव, मालक बदलले तरी तो बदलत नाही.
- फक्त प्रवासी जहाजांमागे लागणं. ट्रेलर वाहणारी रो-रो जहाजं (ज्यांत वाहनं थेट चाकांवरून आत-बाहेर नेतात) दिसायला रुक्ष, पण कंपनीचा मोठा धंदा त्यांच्यावरच चालतो.

इंजिनं, टनेज वगैरे सध्या राहू द्या.