घोरणे आणि दिवसाची पेंग

प्रश्न : माझे पती रात्री मोठ्याने घोरतात, मध्येच त्यांचा श्वास थांबतो आणि दचकून पुन्हा सुरू होतो, आठ तास झोपूनही दिवसा पेंग येते. हे वयामुळे होते का?

उत्तर : केवळ वयामुळे नव्हे, आणि घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो, हा समज तर सोडूनच द्यावा. ही लक्षणे ‘स्लीप अ‍ॅप्निया’ या विकाराची असू शकतात. त्यात घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग १० सेकंद किंवा अधिक काळ बंद होतो, रक्तातील ऑक्सिजन घटतो आणि मेंदू रुग्णाला क्षणभर जागे करतो, जे सकाळी त्याला आठवतही नाही. दुर्लक्ष केल्यास उच्च रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने झोपेची तपासणी करून घ्यावी; तोवर मद्य आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या टाळाव्यात व पेंग येत असताना त्यांनी वाहन मुळीच चालवू नये.