मुलांना घेऊन घरच्या बागेतील बी कसे धरावे?

सुरुवात वालाच्या घेवड्यापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. वेलावरील उत्तम शेंगांना मुलांच्या हातून रंगीत दोरा बांधून घ्यावा, म्हणजे त्या चुकून भाजीसाठी तोडल्या जात नाहीत. त्या वेलावरच जून होऊन खडखडीत वाळल्यावर मुलांनीच सोलाव्यात. मूळ रोप मात्र देशी वाणाचे असावे, कारण संकरित वाणाच्या बियांपासून पुढे तशीच रोपे येतील याची खात्री नसते.

टोमॅटोचे बी धरताना पूर्ण पिकलेल्या फळाचा गर थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबू द्यावा. बियांभोवतीचे, उगवण रोखणारे बुळबुळीत आवरण त्यामुळे सुटते आणि ते का सुटते, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात. मग बी धुऊन सावलीत वाळवावे. दुधी, काकडी पहिल्या वर्षी टाळावी, कारण मधमाश्या एका वाणाचे पराग दुसऱ्या वाणावर नेतात आणि मग त्या बियांपासून मूळ वाणासारखीच रोपे येतील याची खात्री राहत नाही.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक घरातूनच उभी केली आणि त्यांना 2020 चा पद्मश्री सन्मान मिळाला. मुलांना त्यांच्याविषयी अवश्य सांगावे.

बी कोरड्या बरणीत राखेत ठेवून वर वाणाचे नाव व तारीख मुलांच्या अक्षरात लिहावी. पेरणीपूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभराने मोजाव्यात. आठ उगवल्या, तर उगवणशक्ती 80 टक्के.