रंगाला हात लावू नकोस

प्रिय पोरी,

फोटो मिळाले. भद्रकालीतल्या भंगारवाल्याकडून ती जुनी रॅले सायकल उचललीस, तीही चेनकव्हरसकट, हे वाचून फार आनंद झाला. त्यानं भाव वाढवून मागितला म्हणून तू नाराज दिसतेस, पण विसर ते. तासाभरात ती गाडी कटरखाली गेली असती.

शेवटी तू विचारलंस, अंबडला पावडर कोटिंग, म्हणजे जुना रंग काढून भट्टीत भाजलेला नवा थर, चांगलं कोण करतं. मला दोन-तीन जण माहीत आहेत. नावं आज देत नाही. का, ते सांगतो.

माझ्या वडिलांची हर्क्युलिस होती. पंचवटीतून नाशिकरोडच्या प्रेसपर्यंत रोज जाऊन-येऊन. पगारातून बाजूला काढलेल्या पैशांनी घेतलेली, म्हणून चेनकव्हरवर त्यांनी पेंटरकडून स्वतःचं नाव लिहून घेतलं होतं, पिवळ्या अक्षरांत, शेवटच्या अक्षराला छोटी वेलबुट्टी. ते गेल्यावर वर्षभरानं मी ती सायकल ‘नवी’ करायला दिली. वाळूचा मारा करून पत्रा पांढरा केला, वर चकचकीत काळा थर चढवला. घरी आणली तेव्हा आईनं चेनकव्हरवरून हात फिरवला आणि काही न बोलता आत गेली. मडगार्डवरची सोनेरी रेघही गेली होती. वर्षानुवर्षं वडिलांचा गुडघा घासून दांडीवर जो गुळगुळीत डाग पडला होता, तोही गेला. काम करणाऱ्याचा दोष नव्हता, मी सांगितलं तसंच त्यानं केलं. तुझ्या फोटोत डोक्याच्या नळीवरचा बिल्ला आहे, सीटखालच्या नळीवर पुसटसं अक्षर दिसतंय. ते काय आहे हे कळेपर्यंत रंगाला हात लावू नकोस.

आधी धूळ काढ. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं. छापील अक्षरांवर घासू नकोस, ती पापडीसारखी सुटतात. हँडलच्या क्रोमवर गंज दिसतोय, त्याला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवून चोळ. निम्मा गंज तिथंच उतरेल. मग अंगावर तेलाचा अगदी पातळ हात. तो भट्टीत भाजलेला काळा इनॅमल अजून किती चमकतो ते बघून तुलाच पावडर कोटिंगचं नाव काढावंसं वाटणार नाही.

मग ओळख पटव. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, गिअरचे हब बनवणाऱ्या स्टर्मी-आर्चरचं नाव असेल तर ‘एडब्ल्यू’ या अक्षरांजवळ एक आकडा कोरलेला सापडेल. तो हब तयार झाल्याचं साल सांगतो. हे तीन गिअरचं मॉडेल १९३६ मध्ये आलं. पण चाक नंतर बदललेलं असू शकतं, म्हणून हबचं साल म्हणजे सायकलचं साल असं लगेच धरू नकोस. आणि तुझी गाडी रॅलेच्या इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची न निघता आपल्याकडच्या आसनसोलची निघाली तर मुळीच खट्टू होऊ नकोस. रॅले इथं बनवणाऱ्या सेन-रॅले कंपनीच्या आसनसोलच्या कारखान्यातल्या गाड्यांवर आपल्याकडची माणसं कारकुनीला गेली, दूध घालायला गेली, वरात घेऊन गेली. संग्रह करणारे काही जण ‘मेड इन इंग्लंड’ एवढंच बघतात. मला ते पटत नाही. आपल्या रस्त्यांचा इतिहास आसनसोल, सोनीपत, लुधियाना आणि मद्रासच्या सायकल कारखान्यांतून आलाय. सोनीपतला १९५१ मध्ये सुरू झालेल्या ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाला. त्यानंतर मी भेटेल ती ॲटलस जरा थांबून बघतो.

आता पान्याचं काम. इथं घाई केलीस तर रडशील.

पायडलचा दांडा एक्सलवर धरून ठेवते ती कॉटरपिन. पंक्चरवाला हातोड्याचे चार घाव घालतो, पिन वाकते, आणि तो धक्का आत वाटीतल्या छर्‍यांना बसतो. तू दांड्याखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा कर, जमिनीपर्यंत पक्का आधार मिळेल असा, म्हणजे पिनचं डोकं पाइपच्या पोकळीत उतरेल. आदल्या रात्री तेल सोडून ठेव. नट पिनच्या टोकापर्यंत सैल करून तिथंच राहू दे, नाहीतर आटे चपटे होतील. मग एकच ठाम घाव. आम्ही सातपूरला टूलरूममध्ये नव्या पोरांना हेच शिकवायचो: आधाराशिवाय ठोकायचं नाही.

आणि पायडलच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंच्या, फ्रेममधल्या वाट्या बदलायच्या असतील तर दुकानात जे मिळेल ते फिरवून बघू नकोस. नॉटिंगहॅमच्या रॅलेचे आटे इंचाला २६, इतर बहुतेक इंग्लिश सायकलींचे २४. दोन फेरे बसतात, तिसऱ्याला अडकतं, आणि जोर लावला की फ्रेमचे आटे गेले. तीच गत टायरची. तुझ्या चाकाला आपण अठ्ठावीसचं म्हणतो आणि कॉलेजरोडच्या नव्या दुकानातल्या ७०० सी रोडबाइकलाही लोक अठ्ठावीसचंच म्हणतात. पण टायर जिथं रिमवर बसतो तो व्यास तुझ्या गाडीचा ६३५ मिलिमीटर, रोडबाइकचा ६२२. एकमेकांत बसणं शक्यच नाही. पण तुझ्या मापाचा टायर आजही तालुक्याच्या कुठल्याही बाजारात मिळतो. हे आपलं भाग्य समज.

चाकांना हात लावण्याआधी आरे मोज. पुढे ३२ आणि मागे ४० निघाले तर जुनी इंग्लिश पद्धत जागेवर आहे. ओझं मागच्या चाकावर येतं हे त्या लोकांनी किती साधेपणानं मान्य केलं होतं! चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला शीक. एका वेळी निपलला, म्हणजे आऱ्याच्या टोकाच्या नटाला, पाव फेरा, त्याहून जास्त नाही. कान लावून आऱ्यांचा आवाज ऐक. सैल आरा बद्द वाजतो. मला हे काम अजूनही पूजेसारखं वाटतं.

हबमध्ये हलकं तेल थेंबभर सोड, ग्रीस नाही. गिअरची केबल लावताना दुसऱ्या गिअरवर ठेव आणि उजव्या नटाच्या छोट्या खिडकीतून बघ: आतल्या बारीक दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी समपातळीत आला पाहिजे. हे चुकलं तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये पायडल मोकळं फिरतं. उभं राहून चढ मारत असताना तसं झालं तर माणूस सरळ दांडीवर आपटतो.

रोडबाइकबद्दल तू जरा संकोचानं विचारलंस. संकोच कशाला? मला दोन्ही आवडतात. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात रेस ॲक्रॉस अमेरिका पूर्ण केली तेव्हा मी पेढे वाटले होते. त्या शर्यती जुन्या रॅलेवर होत नाहीत. तुला २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची फेरी, करायची आहे, साडेतेरा तासांत. त्यासाठी हलकी गाडी घे, जरूर घे. फक्त कार्बन घेतलीस तर नट किती जोरानं आवळला ते दाखवणारा टॉर्कचा पानाही घे, आणि हँडल धरणाऱ्या स्टेमवर छापलेल्या आकड्याच्या पुढे जाऊ नकोस. कार्बनची नळी लोखंडासारखी आधी वाकून इशारा देत नाही.

पण तिसरी सायकल इतक्यात नको. मी एकेकाळी अकरा जमवल्या होत्या. त्यातल्या सात जिन्याखाली हवा नसलेल्या टायरवर उभ्या राहिल्या आणि टायरच्या कडा चिरल्या. ज्या गाडीला महिन्यातून एकदा तरी त्र्यंबकच्या रस्त्यावर नेता येत नाही, ती मी आता दुसऱ्याला देतो. माझ्याकडे चार उरल्यात आणि चौघींची हवा मी रविवारी स्वतः भरतो. बाकी जुन्या गाड्या डोळे भरून बघायच्या असतील तर पुण्याला कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं संग्रहालय आहे. एक दिवस काढून जा. तिथले दिवे आणि घंट्या सावकाश बघ.

तुझी रॅले चालू झाली की पहिली फेरी गंगापूर धरणाकडे काढू, पहाटे, सोमेश्वरवरून. रॉडचे ब्रेक ओल्या रिमवर धरत नाहीत, म्हणून पावसाच्या दिवशी नको. उतारावर माझ्या मागे राहा.

येत्या रविवारी घरी ये. पिना निघाल्या तर जुन्या फेकू नकोस, सोबत आण. त्यांच्या चपट्या बाजूचा उतार बघूनच नव्या कानशीनं घासायच्या आहेत.

तुझा,
काका