चलान दोन हजारांचं, ड्रायव्हर दोन आणि दोघेही म्हणतात ‘मी नव्हतो’

कारंजा तालुक्यातल्या एका वाचकाने लिहिलं आहे: ‘माझी एक पिकअप आहे. संत्री, भाजीपाला भरून नागपूरच्या कळमना बाजारात खेपा असतात. एक कायमचा ड्रायव्हर, एक बदली. समृद्धीवर वर्धा जिल्ह्याच्या हद्दीत पहाटे ३.४० ला ताशी ९७ चा वेग धरला म्हणून २,००० रुपयांचं चलान मोबाइलवर आलं. दोघेही म्हणतात, त्या रात्री मी नव्हतो. वकीलसाहेब ३,५०० मागतात, म्हणतात लढू. मला वाटतं, दोघांच्या पगारातून हजार-हजार कापून मोकळं व्हावं. काय करू?’

भाऊ, आधी सरळ उत्तर देतो. फोटोतली गाडी तुमचीच असेल तर चलान धंद्याच्या पैशातून भरा आणि पगार तूर्त कोणाचाच कापू नका.

भरण्याआधी चलान उघडून फोटो मात्र नीट पाहा. नंबर प्लेट स्पष्ट आहे का, गाडी पिकअपच आहे का, तारीख, वेळ आणि नोंदवलेला वेग दिलाय का. कॅमेऱ्यावरून निघालेल्या नोटिशीत हे सगळं असायला हवं, आणि ती घटनेपासून १५ दिवसांत निघायला हवी, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७अ हा नियम सांगतो. यात खोट दिसली, उदाहरणार्थ दुसऱ्याच गाडीचा नंबर तुमचा म्हणून वाचला गेला असेल, तर पैसे न भरता ऑनलाइन तक्रार टाका. त्याला वकील लागत नाही. वेगाबद्दल मात्र वाद घालू नका. समृद्धीवरची १२० ची मर्यादा मोटारींसाठी आहे. मालवाहू गाडीला ८० आहे. रिकामी पिकअप ९७ ने सहज जाते आणि ड्रायव्हरला त्यात काही वावगं केलं असं वाटतही नाही.

आता लढण्याचा हिशेब. ३,५०० वकिलाचे, हद्द वर्ध्याची म्हणून तिकडे हेलपाटे, आणि ऐन संत्र्याच्या हंगामात प्रत्येक तारखेला एक खेप बुडणार. जिंकलात तरी वाचणार २,०००. शिवाय जिंकायचं कशावर? अतिवेगाचा गुन्हा चालवणाऱ्याचा हे खरं, पण पोलिसांनी विचारलं तर चालवणारा कोण, त्याचं नाव, पत्ता आणि लायसन्स सांगणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. ‘दोघेही नाही म्हणतात’ हे तिथे उत्तर होत नाही. आणि अंदाजाने एकाचं नाव लिहून देणं तर मुळीच नको. दुसऱ्यांदा अतिवेगात सापडलं तर लायसन्स जप्त होण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. ड्रायव्हरचं घर त्या कार्डावर चालतं. तुमच्या अंदाजापायी ते जाऊ नये.

हजार-हजार कापण्याचंही तसंच. दोघांतला एक नक्की निर्दोष आहे. त्याचे हजार कापले की त्याचं मन उठलं, आणि भरवशाचा रात्रीचा ड्रायव्हर हंगामात मिळवायला किती फिरावं लागतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

खरं शोधायचं तर ते कागदावर आहे. त्या रात्रीचा फास्टॅगचा हिशेब काढा. गाडी कोणत्या नाक्यावरून किती वाजता चढली, कुठे उतरली, हे त्यात येतं. मग कळमन्यातल्या आडत्याकडची त्या दिवसाची पावती मागा. माल उतरवताना ड्रायव्हरची सही किंवा मोबाइल नंबर बहुतेक ठिकाणी घेतात. डिझेलचे पैसे कोणाच्या फोनवरून गेले तेही पाहा. या तिन्हींवरून नाव निघेल. निघालं तर त्याच्याशी एकट्यात बोला. पहिल्या वेळी समज देऊन सोडा, पुढच्या वेळचा दंड त्याचा, हे दोघांनाही आधीच सांगून ठेवा.

पण तुमचं पत्र वाचताना मला घोर लागला तो या दोन हजारांचा नाही. त्या रात्री गाडी कोणाच्या हातात होती हे तुम्हाला सांगता येत नाही, त्याचा लागला. चलानाऐवजी अपघात झाला असता तर? विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते: कोण चालवत होता आणि लायसन्स चालू होतं का. पिकअपसारख्या ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. मात्र ते मुदतीतलं हवं. नसेल तर समोरच्याची भरपाई कंपनी देते आणि तीच रक्कम पुढे मालकाकडून वसूल करू शकते. ती लाखांत असते. पाच-सहा एकरांच्या धन्याचं शेत त्यात जाऊ शकतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावाही नाकारला जाऊ शकतो, बँकेचा हप्ता मात्र चालूच राहतो. शिवाय लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली म्हणून मालकाला ५,००० आणि चालवणाऱ्याला ५,००० दंड आहे तो वेगळाच.

म्हणून वकिलाला द्यायचे ते ३,५०० बाजूला ठेवा. त्यातून २,००० चलानाचे. थकीत ठेवू नका, पुढे गाडी विकताना आरटीओत काम अडतं. उरलेल्यातून एक जाड वही आणा आणि ती गाडीच्या किल्लीजवळच ठेवा. किल्ली घेणाऱ्याने तारीख, वेळ, निघतानाचं किलोमीटर आणि सही टाकायची, परतल्यावर पुन्हा तसंच. सही नाही तर किल्ली नाही, घरच्या माणसालाही.

बदली ड्रायव्हरचं लायसन्स आजच हातात घेऊन मुदत पाहा. संपली असेल तर नवं होऊन येईपर्यंत त्याची खेप बंद, बाजार कितीही चढा असो. संपून वर्ष उलटलं नसेल तर परीक्षा न देता नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागते. त्याच्याकडे फीचे पैसे नसतील तर तुम्ही भरा आणि पुढच्या दोन-तीन खेपांतून वळते करा.

चलान भरल्याची पावती आणि लायसन्सच्या झेरॉक्स विम्याच्या कागदांसोबत एकाच पिशवीत ठेवा. विम्याची मुदत कधी संपते तेही त्याच वेळी पाहून घ्या. पत्रात तुम्ही ती लिहिलेली नाही.